चूक सांगणाऱ्याने उभे कोठे राहावे?



रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात मुलांचा हरिपाठाचा वर्ग भरतो. त्या वर्गात सर्वांत जास्त वेळा कानी पडणारे वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे. ते हरिपाठातले नाही. ते आहे, “महाराज, हा चुकला!” पाठांतर म्हणताना एखाद्याचे चरण मागेपुढे झाले, एखाद्याचा टाळ घसरला, कोणी ‘ण’च्या जागी ‘न’ म्हणाला, की लगेच चार बोटे त्याच्याकडे वळतात आणि चार तोंडे महाराजांकडे. बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे, एवढे ध्यानात ठेवा. ज्याचे चुकले त्याच्याशी कोणी बोलतच नाही. तो बिचारा मान खाली घालून सतरंजीचे दोरे उपसत बसतो.

आता कोणी म्हणेल, मुलांचेच ते, त्यात एवढे लिहिण्यासारखे काय आहे? आहे. ही मुले उद्या भजनी मंडळात बसणार, पंचायतीत बसणार, साखर कारखान्याच्या सभेला जाणार, घरात सुना आणणार. चूक दाखवायची म्हणजे वरच्याकडे तोंड करून ओरडायचे, ही सवय आठव्या वर्षी लागली तर साठाव्या वर्षी सुटत नाही. आपल्या आजूबाजूला साठीचे असे किती आहेत ते मी सांगायला नको.

यावर उपाय म्हणून मुलांना बहुधा एकच शिकवले जाते, ते म्हणजे गोड बोलावे. हे मला अपुरे वाटते. गोड बोलून माणसाला किती खोल कापता येते ते आपल्या मराठी मुलखाला चांगले ठाऊक आहे. “बाळ, तुला जमत नसेल तर राहू दे हो,” हे वाक्य कानाला गोड आहे, आणि मुलाने त्या दिवशी टाळ खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही, असे व्हायला ते पुरते. शब्द गोड की कडू हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की चूक सांगणारा उभा कोठे आहे? वर उभा आहे, समोर उभा आहे, का शेजारी उभा आहे?

कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरेच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यातले, उसाच्या मुलखातले गाव. आषाढी वारीत सासवडहून निघालेली सोपानकाकांची पालखी निंबुत, सोमेश्वरनगर करीत कोऱ्हाळ्याला येते आणि पुढे बारामतीची वाट धरते. पालखी गावात आली की पोरे रस्त्यावर धावतात, पादुकांवर डोके ठेवतात. पण सोपानकाकांच्या घरची हकीकत किती मुलांना ठाऊक असते? निवृत्ती थोरले, मग ज्ञानदेव, मग सोपान आणि सर्वांत धाकटी मुक्ताई. या घराला चूक आणि तिची दुरुस्ती यांचा जेवढा अनुभव होता तेवढा दुसऱ्या कोणत्या घराला असेल?

परंपरा सांगते की विठ्ठलपंत संन्यास घेऊन पुन्हा संसारात आले, म्हणून आळंदीच्या धर्मपंडितांनी त्यांना दोष दिला. त्यांच्या हाती ग्रंथ होते, पुढे न्यायसभा होती, आणि आपण बरोबर आहोत याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी प्रायश्चित्त सांगितले ते देह टाकण्याचे. आईबाप गेले. मुले उरली, ती संन्याशाची पोरे म्हणून बाहेरची बाहेर. आता या निवाड्यात कठोर शब्द होते का मऊ शब्द होते, ते आपल्याला ठाऊक नाही. कदाचित फार आदराने, संस्कृत वचने सांगून, हळू आवाजात सांगितले असेल. काय उपयोग? ज्याची चूक काढली त्याला परत येण्याची वाटच त्या निवाड्यात ठेवलेली नव्हती. माझ्या मते दयेची दुरुस्ती आणि निर्दय दुरुस्ती यांच्यातला फरक एवढ्यातच आहे. चूक सांगून झाल्यावर त्या माणसासाठी आपल्या शेजारी जागा शिल्लक राहिली का?

हे ज्या मुलांनी भोगले त्यांच्यातली धाकटी मुक्ताई. तिच्या नावावरचे ताटीचे अभंग आपण सगळे म्हणतो. कथा अशी की लोकांच्या टोचून बोलण्याने ज्ञानदेवांचे मन विटले आणि ते झोपडीची ताटी लावून आत बसले. लहान बहीण बाहेर. आपण त्या जागी असतो तर काय केले असते? एक तर दादाला म्हणालो असतो, बरोबर केलेत, लोक आहेतच तसे. नाही तर म्हणालो असतो, एवढे ज्ञानी म्हणवता आणि रुसून बसता? मुक्ताईने दोन्ही केले नाही. लोकांचे वागणे बरोबर होते असे ती म्हणत नाही, आणि दादाचे रुसणे बरोबर आहे असेही म्हणत नाही. संत म्हणजे कोण, त्याने जगाचे किती सोसावे, याची ती दादाला आठवण देते. म्हणजे तो जसा आहे तसेच त्याला पुढे दाखवते. आणि प्रत्येक अभंगाच्या शेवटी येते पुन्हा त्याच एका गोष्टीवर, दार उघडण्याच्या विनवणीवर.

इथे जरा थांबले पाहिजे, कारण आपण हे अभंग चालीवर म्हणून पुढे जातो. मुक्ताई वारंवार मागते ते दार. तिला दादा बाहेर हवा आहे. दार बंद राहिले तर तिचे नुकसान आहे, तिचे अडले आहे. ती ताटीच्या बाहेर उभी आहे आणि तिथून हलत नाही. चूक सांगून घरी निघून जाणारी ती नव्हे. लहानाने मोठ्याला बोलावे कसे, याचा याहून चांगला दाखला मला तरी ठाऊक नाही. वर्गातल्या मुलांना शिकवायचे ते एवढेच: ज्याच्यावाचून तुझे अडते त्याची चूक सांग. ज्याच्यावाचून तुझे काही अडत नाही, त्याची चूक सांगण्याची घाई करू नको. आधी त्याच्याशी चार दिवस खेळ, मग बघू.

मुक्ताई काही नुसती मऊ नव्हती, हेही सांगून टाकतो. चांगदेवांचे कोरे पत्र आले तेव्हा, चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे ती बोलून गेली अशी आख्यायिका आहे. ते बोलणे लागण्यासारखेच आहे. पण त्या कोऱ्या कागदाचे पुढे काय झाले? तो फेकून दिला नाही. त्यावर ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहून दिले, तेच ‘चांगदेव पासष्टी’. आणि पुढे त्याच चांगदेवांनी मुक्ताईला गुरू केले असे सांप्रदाय मानतो. कधी एखादा तिखट शब्द जाईल. पण त्याच्यापाठोपाठ पासष्ट ओव्या लिहायची तयारी पाहिजे. आपल्याकडे पहिला भाग पुष्कळांना जमतो.

आता मंडपात परत येऊ. भजनात नवा मुलगा टाळ घेऊन उभा राहिला की त्याची लय सुटतेच. जाणते टाळकरी काय करतात? भजन थांबवून त्याला शिकवत नाहीत. त्याला दोन जुन्या टाळकऱ्यांच्या मधे घेतात. शेजारचा आपला टाळ थोडा स्पष्ट वाजवतो, पाऊल थोडे ठसठशीत टाकतो, एखादे वेळी त्याच्याकडे बघून मान हलवतो. पोरगा चार आवर्तनांत जागेवर येतो. त्याला कळलेलेही नसते की त्याची चूक दुरुस्त झाली. विणेकऱ्याला कळलेले असते, पखवाजीला कळलेले असते, पण कोणी काही म्हणत नाही. ही विद्या सांप्रदायात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि हरिपाठाच्या वर्गात मात्र आपण ती वापरत नाही. तिथे आपण एकेकाला उभा करतो, त्याच्याकडून म्हणवून घेतो आणि बाकीच्यांना चुका मोजायला बसवतो. चुका मोजणाऱ्याला शाबासकीही देतो. मग पोरे चाड्या करायला शिकली म्हणून रागावतो! ज्याला पाठ येते त्याला, न येणाऱ्याच्या शेजारी बसवून दोघांना मिळून म्हणायला लावावे. चुकणाऱ्याचा आवाज शेजाऱ्याच्या आवाजात मिसळतो आणि तिथेच सावरतो.

हल्ली यात एक नवी भर पडली आहे. मूल चुकले की कोणीतरी मोबाइलवर टिपते, आणि दुपारपर्यंत ते गावभर, रात्रीपर्यंत पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांपर्यंत जाते. लोक हसतात, वाईट हेतूने हसतात असेही नाही. पण पूर्वी देवळातली चूक देवळात राहायची. आता ती मुलाच्या आधी शाळेत पोहोचते. वर्गात मोबाइल नको, एवढा नियम करायला कोणाची हरकत नसावी.

कित्येकदा मुले जी दाखवतात ती चूकच नसते. या बाबतीत आपण मोठी माणसे फार आंधळी आहोत. दिवाळीच्या सुमारास कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीड-नगरकडची ऊसतोड कुटुंबे आपल्या भागात येतात, फडाच्या कडेला कोप्या घालतात. त्यांची मुलेही कधी रविवारी देवळात येतात, मागे बसतात. त्यांचा हेल वेगळा, एखादा शब्द वेगळा, एखादा अभंग म्हणण्याची चाल वेगळी. लगेच पुढची पोरे हसतात. “ए, असं नसतं म्हणायचं!” ज्या मुलाने ‘पानी’ म्हटल्याबद्दल कोपीतल्या मुलीला हसून घेतले, तो घरी गेल्यावर आईकडे मागतो ते पानीच. हे मी चेष्टेने म्हणत नाही. हसणाऱ्याला उच्चार खुपत नसतो, कोपी खुपत असते. तिचे कपडे, तिचे बिऱ्हाड, बापाच्या हातातला कोयता. उच्चार हे नुसते निमित्त.

म्हणून मुलांना चूक सांगायला शिकवण्याआधी चूक ओळखायला शिकवले पाहिजे. ओळीचा अर्थ बिघडला तर चूक. चाल निराळी असेल तर ती चूक नव्हे, तिच्या गावाला तशीच म्हणत असतील, तिला विचारावे, “तुमच्याकडे कशी म्हणतात गं?” या एका प्रश्नाने किती कामे होतात पाहा. तिला उत्तर देता येते, म्हणजे ती शिकवणारी होते. विचारणाऱ्याला एक चाल जास्त मिळते. आणि खरोखरच चुकले असेल तर सांगता सांगता तिचे तिलाच कळते. आधी विचारावे, मग सांगावे. हंगाम चारपाच महिन्यांचा, पुढे त्या गाड्या निघून जातात. ती मुलगी कोऱ्हाळ्याचे देऊळ म्हणून मनात काय घेऊन जाईल, हे त्या चार रविवारांवर ठरते.

दुसऱ्याला सुधारायला जाणाऱ्याने नामदेवरायांची कथा विसरू नये. तेरला गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेका संताचे डोके पारखले, तेव्हा नामदेवांना राग आला आणि मडके कच्चे ठरले. रुसून ते पंढरीला गेले. देवाने त्यांना विसोबा खेचरांकडे धाडले. औंढ्याला जाऊन पाहतात तो हा म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निजलेला! नामदेवांनी चूक दाखवली. बरोबरच दाखवली, आपण कोणीही तेच केले असते. म्हातारा म्हणाला, बाबा, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ज्याला सुधारायला गेले तोच गुरू झाला. आणि हे विसोबा कोण? सांप्रदायाच्या कथेप्रमाणे, ज्याने एकेकाळी या चार भावंडांचा छळ केला, मुक्ताईला मांड्यांसाठी खापरसुद्धा मिळू दिले नाही, तोच तो. त्याला जर ‘कायमचा वाईट’ म्हणून कोणी टाकून दिले असते, तर नामदेवांना गुरू कोठून मिळाला असता?

येथवर वाचून कोणी विचारील की महाराज, हे सगळे सबुरीचे झाले. पण जिथे खरोखर अन्याय चालला आहे तिथेही शेजारी बसून टाळच वाजवत राहायचे काय? हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. दयेच्या नावाखाली मुकाट बसणारे आपल्यात कमी नाहीत. त्यांना कोणाला दुखवायचे नसते, म्हणजे कोणाची नाराजी घ्यायची नसते.

याच नामदेवांनी, मंगळवेढ्याला वेस कोसळून गेलेल्या चोखोबांच्या अस्थी आणून पंढरीच्या महाद्वारासमोर समाधी बांधली असे परंपरा सांगते. पण समाधी दाराबाहेरच राहिली, आणि चोखोबांच्या लोकांना शेकडो वर्षे दाराबाहेरच राहावे लागले. वारकरी येत होते, जात होते, समाधीला हात जोडत होते. ती चूक सांगितली साने गुरुजींनी. आधी कित्येक महिने त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून लोकांना विनवले, आणि मग १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. १० मे रोजी ते सुटले आणि विठ्ठलाचे दार सर्वांना मोकळे झाले. त्यांनी कोणाला गोड वाटेल असे काही केले नव्हते. पुष्कळांना ते फार लागले. पण हा माणूस पंढरीला नावे ठेवून दूर गेला नाही, तिथेच येऊन बसला आणि चुकीची शिक्षा स्वतःच्या देहाला लावून घेतली. ज्यांची चूक तो दाखवत होता त्यांच्याच विठ्ठलावर त्याचे प्रेम होते. मुलांना ‘श्यामची आई’ वाचायला देतो, तेव्हा त्या श्यामने मोठेपणी पंढरपुरात काय केले हेही सांगावे.

मात्र एक फरक केला पाहिजे. साने गुरुजी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. आठ वर्षांच्या पोरावर तसले ओझे टाकणे योग्य नाही. कीर्तनात आपण प्रल्हादाचे आख्यान रंगवून सांगतो, बापासमोर ताठ उभा राहिलेला मुलगा, आणि बाया डोळे पुसतात. पण आपल्या वर्गातल्या एखाद्या पोराला ठाऊक असते की बाप रात्री कालव्याच्या पाटाचे दार मोडून शेजाऱ्याच्या पाळीचे पाणी आपल्या उसाला घेतो. शेजाऱ्याचा मुलगा त्याच्याच मांडीला मांडी लावून हरिपाठ म्हणतो. त्या मुलाने काय करावे? “बापाला सांग, दादा हे बरे नव्हे,” असे आपण सतरंजीवर बसून सांगू शकतो. घरी गेल्यावर पाठ त्याची शेकणार आहे. मी म्हणतो, ते काम त्याचे नाही. त्याने येऊन कोणा मोठ्याला सांगितले, तर ती चाडी नव्हे. वर्गातला ‘हा चुकला’ म्हणून ओरडणारा शाबासकी मिळवायला ओरडतो. हा पोरगा घाबरत, बापावरच्या मायेपोटी बोलतो. दोन्ही आवाज ऐकले की वेगळे कळतात. आणि मग त्या मोठ्याने, मुलाचे नाव न काढता, संध्याकाळी बापाच्या ओट्यावर जाऊन बसले पाहिजे. चहा घ्यावा, पावसापाण्याचे बोलावे आणि पाण्याचेही बोलावे. हे करायची तयारी नसेल तर मुलांना सत्याचे धडे देण्याचा अधिकार आपल्याला कितपत उरतो?

मुलांना बोलायला जागा कशी करून द्यावी, याचाही नमुना आपल्या घरातच आहे. माउलींचा सोहळा नीरा ओलांडून लोणंद-फलटणकडे जातो. त्यातली तळावरची समाज आरती ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या असतात, टाळ-मृदंगांचा एकच गजर. चोपदार दंड उंच करतात आणि एकदम सारे शांत होते. पण एखाद्या दिंडीचे दिवसभरात काही गाऱ्हाणे असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. हजारो माणसे गप्प आणि तेवढ्या एका कोपऱ्यात टाळ वाजत असतो. चोपदार स्वतः तिथे चालत जातात, ऐकून घेतात, मार्ग काढतात. टाळ थांबतो, आणि मगच आरती होते. गाऱ्हाणे असणाऱ्याने आरडाओरडा करायचा नाही, कोणाला शिवीगाळ करायची नाही. टाळ वाजवत राहायचे. आणि बाकीच्यांनी “काय कटकट आहे” म्हणायचे नाही, उभे राहायचे. एवढा मोठा समाज एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी खोळंबतो!

रविवारच्या वर्गाला हे लावून पाहायला काय हरकत आहे? शेवटी पसायदानापूर्वी सर्वांनी टाळ वाजवावेत. महाराजांनी हात वर केला की थांबवावेत. ज्याच्या मनात काही राहिले असेल, कोणी हसले असेल, कोणी ढकलले असेल, कोणाचे काही चुकते आहे असे वाटत असेल, त्याने वाजवत ठेवावे. महाराजांनी उठून त्याच्यापाशी जावे, खाली बसावे आणि कानाशी ऐकावे. त्याला आपल्यापाशी बोलावू नये, आपण जावे. ज्याच्याविषयी गाऱ्हाणे आहे त्याला त्याच्या शेजारी आणून बसवावे, आणि दोघांचे होईपर्यंत बाकीच्यांनी उभे राहावे. कोपीतली मुलगी पहिल्या रविवारी टाळ चालू ठेवायला धजणार नाही, दुसऱ्याही नाही. तिसऱ्याला ठेवील कदाचित. क्वचित असेही होईल की गाऱ्हाणे महाराजांचेच निघेल, चुकीचा पाठ महाराजांनीच दिला असेल, किंवा एकावर माया आणि एकावर राग असे झाले असेल. अशा वेळी टाळ अंमळ जास्त वेळ वाजेल. पसायदानाला उशीर होईल, बाहेर चपलांपाशी पोरांना न्यायला आलेल्या आया घड्याळाकडे बघून कुरकुरतील, घरी भाकरी गार होईल. होऊ द्यावी.